पानाजीर्ण

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातला सत्तेचाळिसावा अध्याय दारू जास्त झालेल्या माणसाबद्दल आहे. त्यात एका जागी पोटाच्या चार तक्रारी ओळीने येतात. पोट फुगतं, आतलं उलटून येतं, तोंड आंबट होतं आणि आत जळजळ सुटते. या अवस्थेला सुश्रुताने नाव दिलं आहे पानाजीर्ण. रात्रीची मैफल लांबल्यावर सकाळी उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या कुणालाही हे वर्णन वाचून ओळख पटेल.

पानाजीर्णाशेजारीच परमद नावाची वेगळी अवस्था सांगितली आहे. तिच्यात अंग जड होतं, तोंडाची चव जाते, अन्नावरची वासना उडते, तहान लागते, डोकं ठणकतं, सांधे दुखतात. आज आपण ज्याला सरसकट हँगओव्हर म्हणतो, त्याचे या वैद्यांनी दोन भाग केले. डोक्या-सांध्यांचं दुखणं एका बाजूला आणि पोटाचं दुसऱ्या बाजूला. पुढे माधवनिदान या ग्रंथानेही पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम ही चौकट तशीच ठेवली, आणि शतकानुशतकं वैद्य ती पाठ करत आले. पिणाऱ्याच्या पोटाकडे इतक्या बारकाईने पाहणारी परंपरा आपल्याकडे होती, हे आज फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. दारूबद्दल बोलायचं म्हटलं की आपण एकतर उपदेश करतो, नाहीतर चेष्टा. जुन्या संहितांमध्ये तिसरी वाट आहे. पिणारा वैद्याच्या दारी आला की तो रोगी आहे, आणि रोग्याला आधी तपासायचं असतं.

त्या काळी लोक पीत काय होते, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतं. सुराध्यक्षावरच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार येतात आणि त्यांच्या कृतीही येतात. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण हा हिशेब धरला तर सोळा मापं पाण्याला दोन मापं तांदूळ आणि तीन मापं किण्व पडतं. किण्व म्हणजे आंबवण्याचं विरजण, तेही उडीद आणि तांदळापासून केलेलं. असल्या आंबवलेल्या, गाळ राहिलेल्या पेयाने पोटात वायू धरला तर नवल नाही. त्याच प्रकरणात अशी सोय आहे की औषधासाठी अरिष्ट घरी करायला गृहस्थाला मोकळीक असावी, आणि कोणत्या विकारावर कोणतं अरिष्ट हे वैद्यांनी ठरवावं. म्हणजे मद्य पोट बिघडवतं आणि मद्यच पोटाचं औषधही आहे, हा पेच राज्यकारभाराच्या ग्रंथातही दिसतो. तो पुढे थेट स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

उपचाराचा खरा खजिना मात्र चरकाकडे आहे. चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्य अति झाल्याने होणाऱ्या विकाराचा. आज आपल्या हातात असलेल्या चरकसंहितेतले बरेच अध्याय दृढबल या वैद्याने नंतर भरून काढले. पण अकराव्या शतकातला टीकाकार चक्रपाणिदत्त मदात्ययाचा अध्याय चरकाच्या मूळ लेखनात मोजतो. या अध्यायाची सुरुवातच वाचकाला चकित करते. स्नान करून, स्वच्छ कपडे घालून, ऋतूला शोभेल अशा जागी, जिवलग माणसांच्या सोबतीने, खारवलेली फळं आणि भाजलेलं मांस तोंडी लावत कसं प्यावं याचं तिथे सविस्तर वर्णन आहे. ज्याच्या त्याच्या प्रकृतीला कोणतं मद्य मानवेल, त्याबरोबर काय खावं, तेही आहे. हल्लीच्या भाषेत सांगायचं तर चकण्याचा विचार पेल्याइतकाच गंभीरपणे केला आहे.

मग चरक कारणाकडे वळतो. मद्याचे दहा गुण तो सांगतो. ते हलकं, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, आंबट, शरीरभर चटकन पसरणारं, रूक्ष असं असतं. शरीराला धरून ठेवणाऱ्या ओजाचे दहा गुण याच्या नेमके उलट. ओज जड, थंड, मऊ, गोड, स्निग्ध आणि स्थिर असतं. मद्याचे हे दहा गुण विषातही असतात, हे सांगायला तो कचरत नाही. ही मांडणी आजच्या शरीरशास्त्राची नाही, हे उघड आहे. पण तिचा एक मोठा फायदा झाला. काय बिघडलं हे गुणांच्या भाषेत कळलं की काय द्यायचं तेही त्याच भाषेत ठरवता येतं.

म्हणून मदात्ययाचा एकच उतारा चरक देत नाही. वाताच्या रोग्यासाठी मद्यात महाळुंग, कोकम, बोरं आणि डाळिंब मिसळायचं, वर ओवा, हपुषा, जिरं आणि आल्याची भुकटी आणि मीठ टाकायचं. जेवायला आंबट-खारट, स्निग्ध मांसरस. पित्ताच्या रोग्यासाठी, म्हणजे ज्याची आतून होळी झाली आहे त्याच्यासाठी, साखर, द्राक्षांचा रस, आवळा, खजूर, फालसा, साळीचा भात, थंड खोली, थंड बिछाना, चंदनाचं पाणी. कफाच्या रोग्याला, ज्याचं पोट जड आहे आणि तोंडाला पाणी सुटतंय, त्याला आधी वमन आणि लंघन. या सगळ्यांना चालेल असं एक साधं पेय तो वेगळं काढून सांगतो. नागरमोथा घालून उकळलेलं पाणी. ते मदात्ययाच्या कोणत्याही प्रकारात निर्धोकपणे प्यावं, त्याने तहान आणि ताप जातो, असं तो सांगतो. एवढ्या महागड्या सामग्रीच्या याद्यांमध्ये ओढ्याकाठच्या एका गवताच्या गाठी उकळलेलं पाणी सर्वांना चालेल म्हणून सांगणारा वैद्य जवळचा वाटतो.

कफाच्या रोग्याचं पोट रिकामं झालं, भूक परतायला लागली, की त्याच्यासाठी एक चूर्ण आहे. त्याचं नाव अष्टांग लवण. सौवर्चल मीठ, जिरं, कोकम आणि अम्लवेतस हे चार पदार्थ प्रत्येकी एक भाग. दालचिनी, वेलची आणि मिरी प्रत्येकी अर्धा भाग. आणि एक भाग साखर. सौवर्चल म्हणजे आपलं पादेलोण, काळं मीठ. अम्लवेतस नेमकं कोणतं, यावर वैद्यांमध्ये आजही एकमत नाही. बाकी सात पदार्थ कुठल्याही वाण्याकडे मिळतात. हे चूर्ण जिभेवर ठेवून पाहिलं तर आधी काळ्या मिठाचा तो उग्र वास नाकात जातो, मग कोकमाचा आंबटपणा दातांना लागतो, साखर तो थोडा मवाळ करते आणि शेवटी मिरी घशात उतरते. तोंडाला लाळ सुटते, ढेकर येतो. काळं मीठ, जिरं, आंबट, चिमूटभर साखर आणि मिरी हे गणित ज्याने नाक्यावरच्या गाडीवर जलजिरा किंवा मसाला सोडा घेतला आहे त्याला नव्याने सांगायला नको. गाडीवाल्याने चरक वाचलेला नसतो. पण पोट जड झालं की जीभ काय मागते, हे दोघांनाही ठाऊक आहे.

कोकमाचा धागा कोकण-गोव्यात आणखी स्पष्ट होतो. वर कोकम म्हटलं तिथे चरकाचा शब्द वृक्षाम्ल आहे. आपल्याकडचे वैद्य वृक्षाम्ल म्हणजे कोकमच समजतात, आणि कोकमाचं झाड सह्याद्रीच्या पश्चिम उतारांचं. चरकाच्याच सूत्रस्थानात मद्याच्या विकारांवर एक मंथ सांगितला आहे. खजूर, मनुका, वृक्षाम्ल, चिंच, डाळिंब, फालसा आणि आवळा पाण्यात घुसळून तो करायचा. पुढे १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने या फळाची दखल घेतली. आतून लाल, चवीला आंबट. रंगारी ते वापरतात आणि त्याच्या सालींपासून व्हिनेगर करतात, असं त्याने लिहून ठेवलं. कोकणातल्या घरात आमसुलं आणि आगळ असतंच, आणि माशाच्या जेवणानंतरची सोलकढी पोट शांत करायलाच प्यायली जाते. सोलकढी चरकाच्या मंथातून आली असं म्हणायला पुरावा नाही. पण आंबट फळाचा थंड कोळ हा पेटलेल्या पोटावरचा उपाय या किनाऱ्याला परका कधीच नव्हता.

आता त्या पेचाकडे. मदात्ययावर चरक पुन्हा मद्यच का देतो? त्याचं उत्तर तर्कशुद्ध आहे. जास्त प्यालेल्या मद्यामुळे अन्नरस विदग्ध होऊन क्षारासारखा होतो, आणि क्षाराला आंबट मिळालं की तो मधुर होतो. आंबट पदार्थांत मद्य श्रेष्ठ, म्हणून मद्य. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, हे ज्ञान या स्पष्टीकरणात पक्कं आहे. फक्त बाजू उलटी धरली आहे, कारण जठरात मुळात आम्लच असतं. सकाळी पुन्हा घोट घेतल्याने बरं वाटतं हेही खोटं नाही, पण ते बरं वाटणं उसनं असतं. शरीराला तेवढंच मद्य नव्याने पचवावं लागतं आणि जठराच्या अस्तराला दुसरा मार बसतो. चरकाच्या सगळ्या यादीतून आज एकच गोष्ट वगळायची झाली, तर ती हीच. त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं की मद्य मोजून, फळांच्या रसात आणि अन्नासोबत द्यायला तो सांगतो, आणि त्याने गुण आला नाही तर मद्य पूर्ण थांबवून रोग्याला दुधावर ठेवायलाही सांगतो. दुधाचे गुण ओजासारखे असतात, हे त्यामागचं कारण.

जठरात नेमकं काय घडतं, हे डोळ्यांनी पाहायची संधी माणसाला एका अपघाताने मिळाली. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली. तो वाचला, पण जठराला बाहेर उघडणारं भोक कायमचं राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने त्या भोकातून वर्षानुवर्षं जठराचं काम न्याहाळलं आणि १८३३ साली आपली निरीक्षणं पुस्तकरूपाने छापली. सेंट मार्टिन काही दिवस सलग दारू प्यायला की जठराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे आणि फोडासारखे ठिपके दिसत. सर्वांत महत्त्वाची नोंद पुढे आहे. हे सगळं दिसत असताना सेंट मार्टिनची पोट दुखण्याची तक्रार नव्हती. पोट काही बोलत नाही म्हणून ते ठीक आहे असं समजणाऱ्या प्रत्येकासाठी ही नोंद मोलाची आहे.

पुढच्या काळात बाकीचे दुवे जुळत गेले. मद्यामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, म्हणून आम्ल वर येऊन जळजळ होते. बिअर आणि वाइनसारखी कमी जोराची पेयं आम्लाचा स्राव वाढवतात. व्हिस्की-रमसारखी तेज दारू जठर रिकामं व्हायला वेळ लावते आणि अस्तर थेट दुखावते, म्हणून मळमळ आणि फुगारा. सुश्रुताच्या चारही लक्षणांना असं एकेक कारण मिळालं.

दरम्यान उताऱ्याच्या बाजारात नवा गडी आला होता, सोडा. त्याचा जन्मही दारूच्या भट्टीशेजारचा. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली याने बिअरच्या आंबवणाच्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला. जाकोब श्वेप याने १७८३ साली जिनिव्हात असं पाणी विकायला सुरुवात केली आणि १७९२ साली तो लंडनला गेला. सुरुवातीला हे पाणी औषध म्हणूनच खपलं. एकोणिसाव्या शतकात सोड्याचे कारखाने मुंबईत निघाले. पालनजी १८६५ सालचे, ड्यूक्स १८८९ सालचे, दोन्ही पारशी मालकांचे. हायरम कॉड याने १८७२ साली पेटंट घेतलेली काचेच्या गोटीची बाटली इथे गोटी सोडा म्हणून गावोगाव पोचली. अंगठ्याने गोटी आत ढकलताना होणारा तो आवाज आणि वर उसळणारा फेस हा जत्रेचा आणि बसस्टँडचा भाग झाला. पेगमध्ये सोडा आणि पेग बाधला की लिंबू-सोडा, अशी त्याची दुहेरी नोकरी सुरू झाली.

नुसता सोडा म्हणजे वायू भरलेलं पाणी. तो प्यायल्यावर ढेकर येतो आणि मोकळं वाटतं, पण फुगलेल्या पोटात तो आणखी वायूच भरतो, आणि झडप आधीच सैल असेल तर ढेकराबरोबर आम्लही वर येतं. जळजळ शमवणारी गोष्ट वेगळी, खाण्याचा सोडा. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉस्ली ईनो या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकात तो आम्लाच्या भुकटीत मिसळून विकायला काढला आणि ईनो जगभर गेलं. आज आपल्याकडे ते ढोकळ्यातही पडतं. त्यातला क्षार जठरातलं आम्ल मारतो. चरकाने उलट बाजूने धरलेलं गणित इथे सरळ झालं. त्यात सोडियम भरपूर असल्याने रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी ते सहज म्हणून घेऊ नये, एवढं मात्र पुडी फोडताना लक्षात ठेवायला हवं.

मद्याला अपायकारक मानणारा आणि औषध मानणारा, हे दोन्ही प्रवाह विसाव्या शतकात मुंबईत एकमेकांवर आदळले. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात पहिल्यांदा दारूबंदी आली. ती आणणारे अबकारी मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर स्वतः नामवंत डॉक्टर होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४१ साली, याच शहरातल्या निर्णयसागर छापखान्यातून वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली, चक्रपाणीच्या टीकेसह चरकसंहिता बाहेर पडली. मदात्ययाचा अध्याय तिच्यात अर्थातच पूर्ण होता. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्या आवृत्तीवर शिकल्या.

मग १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याची भाषा इतकी रुंद होती की ज्या औषधांत मद्यार्क आहे तीही बंदीच्या जाळ्यात आली. पोटाच्या तक्रारींवर घराघरात दिली जाणारी द्राक्षासव, कुमारी आसव यांसारखी औषधं आंबवूनच तयार होतात आणि त्यांच्यात मद्यार्क आपोआप निर्माण होतो. या कायद्याला आव्हान मिळालं आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात निकाल दिला. कायदा बव्हंशी टिकला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी न्यायालयाने रद्द ठरवली. औषधी अरिष्टाला कौटिल्याने दिलेली मोकळीक अशी दोन हजार वर्षांनी न्यायालयात पुन्हा तपासली गेली आणि कायम राहिली. यामुळे आसव-अरिष्टं वैद्याच्या कपाटात राहिली. पण दारूने बिघडलेल्या पोटावर ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतला मद्यार्कही मद्यार्कच असतो.

जुन्या उपायांपैकी आणखी एकावर नंतरच्या काळाने मर्यादा घातली. तो उपाय म्हणजे वमन. १९२९ साली बॉस्टनमध्ये केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस या डॉक्टरांनी पंधरा रोग्यांचं वर्णन केलं. भरपूर पिऊन वारंवार जोराने ओकल्याने त्यांच्या अन्ननलिकेच्या तळाशी भेगा पडल्या होत्या आणि रक्तस्राव झाला होता. चरकाचं वमन वैद्याच्या देखरेखीखालचं आणि एका विशिष्ट रोग्यासाठीचं होतं. घशात बोटं घालून ओकणं हा त्याचा घरगुती अवतार धोक्याचा आहे. माणूस नशेत असेल तर ओकारी श्वासनलिकेत जाऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला उताणं न झोपवता कुशीवर वळवून ठेवावं आणि एकटं सोडू नये.

मग सकाळी पोटासाठी करायचं काय? नागरमोथ्याच्या पाण्यामागची बुद्धी अजून उपयोगी आहे. भडाभडा न पिता घोट घोट पाणी, त्यात चिमूटभर मीठ-साखर किंवा ओआरएस. आल्याचा तुकडा मळमळीला बरा. तिखट, तळलेलं आणि कडक चहा-कॉफी थोडी लांब ठेवावी. भूक लागली की भाताची पेज किंवा मऊभात. कोकमाचं पातळ सरबत मानवत असेल तर घ्यावं, पण छातीत जळजळ असेल तर आंबट टाळावं; पित्ताच्या रोग्याला गोड-थंड देणाऱ्या चरकाचाही कल तिकडेच होता. डोकं दुखतं म्हणून रिकाम्या पोटी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर दुखावलेल्या जठरातून रक्त येण्याची भीती असते, आणि पॅरासिटामॉलचा भार दारूने थकलेल्या यकृतावर पडतो.

चरकाने या अध्यायात ध्वंसक आणि विक्षय असे दोन विकार स्वतंत्र सांगितले आहेत. पिणं सोडलेला माणूस एकाएकी पुन्हा भरमसाट प्याला की ते होतात. ध्वंसकात घसा कोरडा पडतो, तोंडात कफ सुटतो, गुंगी येते आणि आवाज सहन होत नाही. उलट बाजूचं संकट, म्हणजे रोजच्या पिणाऱ्याने अचानक थांबवल्यावर येणारा कंप आणि भ्रम, याला १८१३ साली इंग्लिश डॉक्टर थॉमस सटन याने डिलिरियम ट्रेमेन्स हे नाव दिलं. ते साधारण दोन-तीन दिवसांनी उसळतं आणि उपचाराशिवाय जीवघेणं ठरू शकतं. म्हणून रोज पिणाऱ्याने सोडायचं ठरवलं तर आधी डॉक्टर गाठावा. ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, शौचाला काळं होऊ लागलं, वरच्या पोटातली कळ पाठीत जाऊ लागली, डोळे पिवळे झाले किंवा माणूस हाक मारून जागा होईना, तर पादेलोण, सोडा, पेज सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं.